वॅगन-आर सीएनजीत अ‍ॅम्प कुठे आणि कसा बसवायचा?

विचारणाऱ्याची अडचण थोडक्यात अशी: गाडी वॅगन-आर, कंपनी फिटेड सीएनजी. चारही दारांचे स्पीकर बदलून झालेत. आता चार चॅनेलचा, चॅनेलला ५० वॅट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी ताकद) असा क्लास-डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणलाय. वजन दोन किलोच्या आत. पुढे कधीतरी सिटाखाली बसणारा छोटा सबवूफर (बासचा स्पीकर) घ्यायचाय. दुकानदाराने दोन जागा सुचवल्या: डिकीत सिलिंडरच्या ब्रॅकेटला, नाहीतर मागच्या सिटाखाली फ्लोअरला चार सेल्फ स्क्रू (थेट पत्र्यात आटे पाडत घुसणारे) मारून. वर वेगळ्या फ्यूजची गरज नाही, अ‍ॅम्पवर असतोच, असंही तो म्हणाला. यातलं काय करू?

दादा, यातलं काहीच करू नका. दोन्ही जागा चुकीच्या आहेत आणि फ्यूज वेगळा लागतोच. तुमच्या अ‍ॅम्पसाठी या गाडीत चांगली जागा आहे, आणि तिथे बसवायला गाडीच्या पत्र्याला एकही भोक पाडावं लागत नाही. मी पुण्यात हेच काम करतो. माझा नियम सांगतो: भोक पाडायची वेळ आली की आधी जागा बदलून बघायची. बहुतेक गाड्यांत दुसरी जागा निघते.

आधी मागच्या सिटाचं बघू. तुमची गाडी सीएनजी असली तरी पेट्रोलची टाकी आहेच, आणि ती मागच्या सिटाच्या बरोबर खाली, पत्र्याच्या पलीकडे लटकलेली असते. बऱ्याच गाड्यांत सीट उचललं की पेट्रोल पंपाचं झाकण समोर दिसतं. त्याच फ्लोअरखालून ब्रेकचे पाइप, पेट्रोलचे पाइप आणि सिलिंडरपासून इंजिनापर्यंत जाणारी सीएनजीची स्टीलची बारीक नळी गेलेली असते. पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब असतो २०० बारच्या आसपास, आणि गाडी सीएनजीवर चालू असताना रेग्युलेटरपर्यंत त्या नळीत तोच दाब असतो. वरून ड्रिल मारणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. ड्रिल पत्रा फोडून एकदम सटकतं तेव्हा हात आवरायच्या आत ते दोन-तीन सेंटिमीटर खाली गेलेलं असतं.

माझ्याकडे एक गाडी आली होती, बाहेर कुठेतरी अ‍ॅम्प बसवलेली. तक्रार फक्त खरखरीची होती. रॅम्पवर घेऊन खालून बघितलं तर सेल्फ स्क्रूचं टोक ब्रेकच्या पाइपाला टेकलं होतं आणि गाडीच्या थरथरीने पाइपावर चकाकता चरा पडला होता. त्याच गाडीत बसून घरची माणसं घाट उतरून आली होती. तेव्हापासून, दुसऱ्याने काम केलेली गाडी आली की तक्रार काहीही असो, मी आधी ती खालून बघतो.

शिवाय सेल्फ स्क्रू धरून धरणार किती? फ्लोअरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात स्क्रूचा एखादाच आटा बसतो. चार महिने खड्ड्यांतून गाडी चालली की भोक रुंदावतं, स्क्रू नुसता फिरायला लागतो. पत्र्यावरचा कंपनीचा गंजरोधक थर तिथे फुटलेला असतोच, त्यामुळे खालून उडणारं पावसाळ्यातलं चिखलपाणी आत शिरतं आणि कार्पेटखाली कुणाला न दिसता गंज धरतो. कोकणात गाडी असेल तर खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होतं.

आता सिलिंडर. सिलिंडरचं ब्रॅकेट हे फक्त सिलिंडर धरायला आहे. त्याला भोक पाडायचं नाही, त्याच्या पट्ट्यांत काही अडकवायचं नाही, त्याच्या बोल्टवर अर्थ (अ‍ॅम्पच्या निगेटिव्ह वायरीचा बॉडीशी जोड) घ्यायची नाही. व्हॉल्व्हची बाजू तर पूर्ण मोकळी हवी. गळती झाली तर तुम्हाला किंवा मेकॅनिकला तिथे हात पोचला पाहिजे, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) होते तेव्हा तो बाहेर काढावा लागतो. त्या दिवशी तुमच्या वायरी कुणीतरी घाईत तोडणार.

याहून मोठं कारण वेगळं आहे. सीएनजी भरताना आपण गाडी बंद करून खाली उतरतो. मारुतीने तर फिलरचं झाकण उघडं असताना गाडी चालूच होऊ नये म्हणून तिथे स्विच दिलाय. पण अ‍ॅम्पची मुख्य पॉझिटिव्ह वायर बॅटरीवरून थेट येते. चावी काढली तरी ती जिवंत असते. स्टिरिओकडून अ‍ॅम्प चालू-बंद करणारी रिमोटची वायर अ‍ॅम्पला फक्त झोपवते. नीट कसलेल्या टर्मिनलवर ठिणगी पडत नाही, सैल झालेल्या टर्मिनलवर पडते. हवेत मिथेनचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असलं की पेट घ्यायला तेवढी ठिणगी पुरते. बंद डिकीत सिलिंडर आणि कायम जिवंत असलेलं जाड टर्मिनल शेजारी-शेजारी ठेवायचं कारणच काय? वास लपवायला सीएनजीच्या गाडीत डिकीत अत्तराच्या बाटल्या ठेवणारे लोक मी बघितलेत, म्हणून हेही सांगतो: वास आला तर आधी गळती शोधा, अ‍ॅम्पचं काम नंतर.

मग जागा कुठली? पुढचं डावं सीट. त्याच्याखाली. ड्रायव्हरच्या सिटाखाली मी शक्यतो काही बसवत नाही. तिथून एखादी वस्तू किंवा लोंबणारी वायर पुढे सरकली तर ती थेट ब्रेकच्या पॅडलखाली जाते.

डाव्या सिटाखाली ऊन लागत नाही, एसीचा गारवा पोचतो, अ‍ॅम्प खाली बसलेला असतो आणि दोन्ही बाजूंना सिटाची रेल असते. अपघाताचा हिशेब करून बघा. ५० किमी वेगाची गाडी धडकली आणि पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपून थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला सरासरी तिच्या वजनाच्या सोळा पट ओढ बसते. तुमचा दोन किलोचा अ‍ॅम्प त्या क्षणी ३२ किलोच्या जोराने पुढे जाऊ बघतो. हाच अ‍ॅम्प डिकीत २० किलोच्या सबवूफर बॉक्सवर मारलेला असेल आणि बॉक्स नुसता ठेवलेला असेल, तर सव्वातीनशे किलोहून जास्त जोर मागच्या सिटाच्या पाठीवर येतो, आणि त्या सिटावर मुलं बसलेली असतात. बॉक्सवर अ‍ॅम्प मारण्याची पद्धत सगळीकडे दिसते. मला ती पटत नाही. सततच्या हादऱ्याने आतल्या मोठ्या कपॅसिटरचे सोल्डर सुटतात, आणि सीलबंद बॉक्स असेल तर स्क्रूच्या भोकातून हवा गळून बासही बिघडतो.

डाव्या सिटाखाली तीन गोष्टी आधी तपासा. पहिली, सीट पूर्ण खाली आणि पूर्ण मागे घ्या, पुढे घ्या, त्यावर एका जड माणसाला बसवा आणि मग खालची उंची मोजा. सिटाच्या स्प्रिंगा खाली येतात हे लोक विसरतात. अ‍ॅम्पच्या वर किमान पाच सेंटिमीटर मोकळी हवा राहिली पाहिजे. काही मॉडेलमध्ये या सिटाखाली सामानाचा ट्रे असतो, तो काढावा लागेल.

दुसरी, सिटाखालचे पिवळे कनेक्टर. पिवळा रंग म्हणजे एअरबॅग किंवा सीटबेल्टच्या प्रिटेन्शनरची (धडकेच्या वेळी पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेची) वायर. ते काढायचे नाहीत, ओढायचे नाहीत, त्यांना मल्टिमीटरही लावायचा नाही. सीट काढल्याशिवाय काम होत नसेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून किमान दहा मिनिटं थांबा, मगच हात लावा, आणि बॅटरी जोडायच्या आधी कनेक्टर परत नीट बसवा. मध्येच चावी फिरवलीत तर डॅशवर एअरबॅगचा लाल दिवा लागून राहतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. सीट परत बसवताना बोल्ट टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने कसणाऱ्या पान्याने) कसा. मधल्या कन्सोलखाली, गिअरच्या आसपास, एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स असतो. त्या भागात ठोकाठोक आणि ड्रिल, दोन्ही बंद.

तिसरी गोष्ट पाण्याची. एसीचा ड्रेन पाइप तुंबला की पाणी बाहेर न पडता डाव्या बाजूच्या पायाखाली उतरतं आणि कार्पेटखालून हळूहळू सिटापर्यंत येतं. कार्पेट वरून कोरडं वाटतं. बोटाने दाबा, खालचा फोम ओला असेल तर आधी ड्रेन साफ करून घ्या आणि दोन दिवस सुकू द्या. हाच धोका म्हणून अ‍ॅम्प फ्लोअरला टेकवायचा नाही, उचलून बसवायचा.

बसवण्याची माझी पद्धत आता नीट सांगतो, कारण नेमकं हेच घाईत होतं.

१२ मिमीचं मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० छाप असलेलं. एमडीएफ घेऊ नका. पावसाळ्यात ते फुगतं आणि स्क्रूच्या भोवती भुसा होतो. अ‍ॅम्पपेक्षा चारही बाजूंनी पाच-सहा सेंटिमीटर मोठी पाटी कापा, कोपरे गोल करा. पुढच्या सिटाखाली फ्लोअरला आडवी उठलेली पट्टी असते, जिच्यावर सिटाचे बोल्ट येतात. पाटीची मापं अशी घ्या की ती त्या पट्टीला मागून घट्ट टेकेल आणि दोन्ही बाजूंना रेलमध्ये अडकेल. म्हणजे धडक बसली तर पाटी पुढे जायला जागाच नाही. अ‍ॅम्पच्या चार भोकांच्या जागी पाटीत खालून टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) ठोका, एम-५ म्हणजे ५ मिमी स्क्रूचे. मग पाटीला दोन हात पॉलियुरेथेन वार्निश द्या, कडांना तीन.

कार्पेटला सिटाच्या मागच्या बाजूने, जिथे दिसणार नाही तिथे, एक सरळ चीर द्या आणि पाटी कार्पेटच्या खाली सरकवा. खाली जाणाऱ्या कंपनीच्या हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) पाटी बसत नाही ना, हे हात घालून बघा. बसत असेल तर तेवढी पाटी खालून कोरून घ्या. आता वरून कार्पेटमधून पोकर (टोचा) घालून टी-नट शोधा. तिथे ड्रिल फिरवू नका, कार्पेटचे दोरे ड्रिलला गुंडाळून पूर्ण ओळ उसवते. मग १५ मिमी उंचीच्या नायलॉनच्या बुशवर अ‍ॅम्प ठेवून मशीन स्क्रू कसा. स्प्रिंग वायसर लावाच. स्क्रूची लांबी आधी मोजा: बुश, कार्पेट आणि प्लाय मिळून जेवढं होतं तेवढीच. स्क्रूचं टोक पाटीच्या खाली आलं तर ते पत्र्यावर घासत राहील.

काम झाल्यावर अ‍ॅम्प दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवा. गाडी हलली पाहिजे, अ‍ॅम्प नाही.

दुहेरी चिकट टेपवर कुणी बसवून देत असेल तर नको म्हणा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर पारा जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेत गोंद मऊ होतो. अ‍ॅम्प उलटा, म्हणजे तोंड खाली करून, सिटाच्या खालच्या बाजूला टांगायलाही नको. हीटसिंकची गरमी वर उठून त्याच्याच सर्किटवर जाते. झाकायला कार्पेट, गोणपाट, मुलांची खेळणी, काहीही वर येता कामा नये.

वायरिंगकडे येऊ. तुमच्या अ‍ॅम्पला पूर्ण जोरात २०० वॅट द्यायचे, क्लास-डी साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला तर बॅटरीकडून २५० वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टला १८ अँपिअर. उद्या सबवूफर घेतलात की अजून १५ धरा. ३३ अँपिअर झाले. यासाठी ८ गेजची, म्हणजे साधारण ८.४ चौरस मिमीची शुद्ध तांब्याची वायर पुरते. पाच मीटर लांबीत ३३ अँपिअरला फक्त एक तृतीयांश व्होल्ट पडतो. बाजारात ‘८ गेज’ म्हणून जे स्वस्त किट मिळतं त्यात बहुतेक वेळा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ते तांब्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश करंट नेतं आणि टर्मिनलमध्ये दबून काही महिन्यांत सैल होतं. ओळखायचं कसं? एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर परत करा.

फ्यूजबद्दल दुकानदाराचा घोळ झालाय. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतो. बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंतची पाच मीटर जिवंत वायर कोण सांभाळणार? ती बोनेटमधून, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), कार्पेटखालून येते. वाटेत कुठेही तिचं कातडं सोललं आणि पत्र्याला लागलं तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. काही सेकंदांत वायर लाल होते आणि आजूबाजूला असतो फोम. अ‍ॅम्पवरच्या फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही, कारण करंट त्याच्यापर्यंत जातच नाही. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दीड फुटाच्या आत, जितका जवळ जमेल तितका, ४० अँपिअरचा मिनी-एएनएल (बोल्टने कसायचा पट्टीचा) फ्यूज, झाकणवाल्या होल्डरमध्ये. सबवूफर आला की सिटाखाली फ्यूजवाला डिस्ट्रिब्युशन ब्लॉक (एका वायरीच्या दोन वाटा करणारा डबा) लावा आणि दोन्हींना वेगवेगळा फ्यूज द्या. वायर जिथे बारीक होते तिथे नवा फ्यूज लागतो. काचेचे नळीसारखे मोठे फ्यूज घेऊ नका, त्यांच्या टोप्या गरम होऊन सैल होतात.

फायरवॉलमधून जाताना कंपनीच्या रबर ग्रोमेटमधूनच (भोकातल्या रबरी बुचातूनच) जा. त्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, मुख्य हार्नेस त्याच भोकातून गेलेला असतो. गोल टोकाची जाड प्लास्टिकची काडी घाला, तिला वायर बांधून ओढा. बोनेटमध्ये वायरवर फ्लेक्सिबल पाइप चढवा, एक्झॉस्टपासून आणि हलणाऱ्या भागांपासून लांब ठेवा, वीतभर अंतरावर टाय मारा. पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये येतात, पाइपने निदान थोडा अटकाव होतो. आत आल्यावर वायर डाव्या सिलच्या (दाराच्या उंबऱ्याच्या) पट्टीखालून सिटाकडे न्या. आरसीए, म्हणजे स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणारी वायर, मधल्या कन्सोलच्या उजव्या बाजूने आणा, म्हणजे अल्टरनेटरची कुईकुई स्पीकरमध्ये येणार नाही.

निगेटिव्हची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड घ्या. सीटबेल्टच्या बोल्टवर किंवा सिटाच्या बोल्टवर अर्थ घेणं फार चालतं, आणि ते बंद व्हायला हवं. त्या बोल्टखाली लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) आणि वायसर घातले की त्याची पकड बदलते, आणि तो बोल्ट माणसाचा जीव धरून असतो. सिलजवळ कंपनीने दिलेला बॉडी अर्थचा बोल्ट बहुधा सापडतो. त्यावर एअरबॅगची अर्थ नसेल तर तो वापरा. रंग असेल तर पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करा, क्रिंप केलेला (वायरीवर दाबून बसवलेला) लग आणि दातेरी वायसर लावा, कसून झाल्यावर वरून रेड ऑक्साइडचा हात द्या. तसा बोल्ट नाहीच मिळाला तर वायर पुढे नेऊन बॅटरीची निगेटिव्ह केबल जिथे बॉडीला बसते तिथे जोडा. काही गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो, म्हणून टर्मिनलवर थेट नको, बॉडीच्या बाजूलाच.

कंपनीच्या स्टिरिओच्या वायरी कापू नका. त्या गाडीचा कपलर (वायर न कापता मध्ये बसणारा जोड) मिळतो, तो मध्ये लावला की वॉरंटीवरून वाद होत नाही. वायरी अ‍ॅम्पच्या टर्मिनलमध्ये बसत नाहीत म्हणून फिटर अर्ध्या तारा कापून टाकतात. तसं करू देऊ नका, पिन लग (बारीक टोकाचा लग) लावायला सांगा.

सगळं जोडल्यावर फ्यूज शेवटी घाला. गाडी चालू ठेवून अर्धा तास नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात गाणी लावा. मल्टिमीटरने बॅटरीवर आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कुठेतरी जोड कच्चा आहे. मग गाडी बंद करून बोट लावून बघा. अ‍ॅम्पचं अंग गरम लागलं तर हरकत नाही, पण फ्यूज होल्डर किंवा टर्मिनल अ‍ॅम्पपेक्षा गरम लागलं तर तोच जोड उघडून परत करा. महिनाभराने सगळे टर्मिनल एकदा कसा, तांब्याची वायर सुरुवातीला थोडी दबते.

बिल जपून ठेवा आणि पॉलिसी रिन्यू करताना अ‍ॅम्प आणि स्पीकरची किंमत इलेक्ट्रॉनिक फिटिंगमध्ये, म्हणजे आयएमटी २४ खाली, नोंदवून घ्या. नोंद नसेल तर चोरी झाली किंवा पाण्यात गेलं, तरी त्याचे पैसे मिळत नाहीत. आणि पुढच्या हायड्रो टेस्टला गाडी देताना तिथल्या माणसाला एवढं सांगा की डिकीत आपली एकही वायर नाही, म्हणजे जे दिसेल ते सीएनजीचंच आहे.